निरंक आणि कोरे

सरकारी कचेरीत ज्यांची निम्मी हयात गेली, त्यांना कोरा रकाना आणि 'निरंक' लिहिलेला रकाना यांतील भेद सांगावयास नको. मासिक विवरणपत्रात कळविण्यासारखे काही नसले तरी 'निरंक' म्हणून कळवावेच लागते. रकाना कोरा आला, तर काही नाही म्हणून कोरा, की भरावयाचा राहिला म्हणून कोरा, हे वरच्या कचेरीने ओळखावे कसे? संगणकाच्या भाषांत मात्र हा भेद पुसून टाकणारे एक मूल्य साठ वर्षे वावरत आले आहे. त्याचे नाव 'नल'.

त्याचे जनक सी. ए. आर. होअर हे निष्काळजी गृहस्थ नव्हेत, हीच या इतिहासातील मौज. जन्म कोलंबोचा, शिक्षण ऑक्सफर्डला अभिजात वाङ्मयाचे आणि तत्त्वज्ञानाचे. पुढे इलियट ब्रदर्स या कंपनीत त्यांनी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर रचला. सारणीबाहेरचा क्रमांक मागितला जातो काय, हे त्यात दर वेळी तपासले जाई. वेळ वाचविण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय, असे विचारता ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटले. ही हकीकत त्यांनी १९८० च्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितली आहे.

असा हा सावध मनुष्य १९६५ साली चुकला. पुढे अल्गोल डब्ल्यू या नावाने ओळखल्या गेलेल्या भाषेची आखणी ते निक्लाउस विर्थ यांच्यासह करीत होते. तिच्यात 'संदर्भ' होता. आपण टिपणीवर अमुक पत्र पाहावे असे लिहितो, तसाच. कोणता संदर्भ कोणत्या प्रकारच्या नोंदीकडे नेईल हे आधी जाहीर करावयाचे, म्हणजे भलत्या कपाटाकडे कोणी जाणार नाही. आणि ही राखण कंपायलरने करावयाची. पण कोठेच न नेणारा संदर्भ? तो घालणे इतके सोपे होते की मोह आवरला नाही, असे होअर यांनीच २००९ साली लंडनच्या एका परिषदेत कबूल केले आणि या चुकीची किंमत अब्ज डॉलर ठरविली.

आमच्या मते 'काही नाही' म्हणण्याची सोय ही चूक नव्हे. साखळीतील शेवटच्या नोंदीपुढे काही नसतेच. चूक ही, की कोणताही संदर्भ कोरा असण्याची मुभा राहिली. १९६७ च्या सिम्युला भाषेत वस्तू आणि वर्ग अवतरले, त्यांच्याबरोबर हा कोरा संदर्भही आला. १९९५ च्या जावाने तो घरोघर पोहोचविला. 'नल नाही ना?' हे विचारण्याचे काम प्रत्येक लिहिणाऱ्यावर पडले. विसरला, की कार्यक्रम जागीच थांबला.

आमच्या एका जुन्या कचेरीत वेतनदेयकाचे काम असेच महिनाअखेरीस थांबले. बदलून आलेल्या एका गृहस्थांचे अंतिम वेतन प्रमाणपत्र पोहोचले नव्हते. त्यांची नोंद मागता 'नल' आले आणि सगळ्या शाखेचे देयक अडले. कार्यक्रम लिहिणाऱ्याने तत्परतेने तपासणी घातली: नोंद नल असल्यास ती वगळून पुढे जावे. देयके निघाली. त्या गृहस्थांना मात्र लागोपाठ दोन महिने वेतन मिळाले नाही, आणि कोणाला पत्ताही लागला नाही. परमुलखात नवे बिऱ्हाड, मुलांच्या शाळेची फी. संकोची स्वभावामुळे ते बोलले नाहीत. पहिली चूक निदान ओरडली तरी होती!

नव्या भाषांनी हा भार पुन्हा कंपायलरवर टाकला आहे. २०१६ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या कोटलिनमध्ये जेथे मूल्य नसू शकते तेथे प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लिहावे लागते, आणि त्या स्थितीचा विचार केल्याविना मूल्य वापरूच देत नाहीत. जावानेही २०१४ साली 'ऑप्शनल' आणले. जुने कार्यक्रम अर्थात तसेच चालू राहिले.

आमच्या त्या कचेरीतला कार्यक्रमही जुनाच राहिला. देयकाखाली वगळलेल्यांची यादी छापावी, एवढी दुरुस्ती मात्र आम्ही आग्रहाने करून घेतली. कोणी वगळले नसेल, त्या महिन्यात तेथे 'निरंक' असे छापून येई.