सरासरी कोणाची? पालवणकर बाळू, जोश गिब्सन आणि आकड्यांमागची जात

जुन्नर-आंबेगावच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं : "खेळात जात नसते, आकडे बोलतात." आकडे बोलतात, हे खरं. पण बॅट कोणाच्या हाती दिली आणि कोणाला नाकारली, हे आकडे सांगत नाहीत. ते इतिहासाला विचारावं लागतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पालवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. १८९० च्या दशकात ते पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत होते. खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. तिथे त्यांच्या हाती बॅट मात्र कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी ही नोकराची मेहनत! पुढे हिंदूंच्या संघात घेतलं, तेव्हा त्यांनी टाकलेल्या चेंडूचा विटाळ झाला नाही. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

आता आकडे पाहा. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी. फलंदाजीत ७५३ धावा, सरासरी १३.६९. नुसता तक्ता वाचणारा म्हणेल, 'फलंदाज म्हणून सामान्य.' संधी मिळती तर बाळू थोर फलंदाज झाले असते, असा माझा दावा नाही. दावा एवढाच की १३.६९ या आकड्यात त्यांच्या कुवतीबरोबर त्या क्लबाची बंदीही मोजली गेली आहे. त्यांनी वाट पाडल्यावर धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल फलंदाज म्हणूनच नावाजले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. बाळूंना तो मान कधीच मिळाला नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत बेसबॉलमध्ये घडली. तिथे फलंदाज किती मोठा, हे त्याच्या लीगच्या सरासरीशी ताडून ठरवतात. टाय कॉब याचा .३६७ हा कारकिर्दीचा विक्रम अनेक दशकं अढळ मानला गेला. पण तो ज्या लीगमध्ये खेळला, तिथे काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. काळ्यांच्या 'निग्रो लीग' वेगळ्या, त्यांचे आकडे हिशेबाबाहेर. अखेर २०२४ मध्ये ते अधिकृत नोंदीत आले आणि जोश गिब्सन .३७२ वर, म्हणजे दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके मारून, कॉबच्या पुढे गेला. ते पाहायला तो हयात नव्हता. जानेवारी १९४७ मध्ये, ३५ व्या वर्षी तो वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने ती वर्णभिंत पाडली.

यावर आक्षेप आला : गिब्सनचे नोंदलेले सामने कमी आहेत. कमी आहेतच. पण ते कमी कोणी ठेवले? आणि कॉबने एका अख्ख्या समाजाच्या गोलंदाजांना टाळून सरासरी कमावली, त्याचं काय? बंदीने नाकारलेल्याचा आकडा दबतो, तसा मोकळीक मिळालेल्याचा फुगतोही. 'मेरिट'चा डांगोरा पिटणारे नेमकी हीच दुसरी बाजू गाळतात.

शेवटी एक प्रश्न आपल्यालाही. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो राजकीय मतभेद लपवायचं कारण नाही. पण त्यासाठी त्यांचा मैदानावरचा लढा आपण आपल्या इतिहासातून वगळणार असू, तर आपलीही वही अपुरीच राहील.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी गुणवत्तेची सरासरी तोंडावर फेकली, तर गप्प बसू नका. विचारा : या सरासरीत कोणाला मोजलं, आणि कोणाला दाराबाहेर ठेवलं?

जय भीम!