पोराशी बोलायचं कसं, हे पोलिसांना कुणी शिकवायचं?

आज सुरुवात तारखेनं करत नाही, एका मित्रापासून करतो. त्याला विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेत नाही.

आम्ही एकाच गल्लीत वाढलो. तो नववीत असताना सायकलचोरीच्या संशयावरून त्याला पोलीस स्टेशनला नेलं. एका हवालदारानं आधी दोन कानाखाली दिल्या आणि मग नाव विचारलं. तासाभरानं एक मॅडम आल्या, साध्या ड्रेसमध्ये. त्यांनी त्याला जमिनीवरून उठवून बाकावर बसवलं. "जेवलास का?" म्हणून विचारलं आणि सगळ्यात आधी त्याच्या आईला फोन लावला.

स्टेशन तेच, कायदा तोच, पोरगंही तेच. फरक फक्त समोरच्या माणसाचा. या एपिसोडबद्दल बोललो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्या मॅडमना हे शिकवलं कुणी, ते शोध."

तर आज तेच शोधू.

आधी मुंबईत जाऊ. 1850 साली कंपनी सरकारनं एक कायदा केला, अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट. निराधार किंवा छोट्या गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना तुरुंगात न टाकता एखाद्या कारागिराकडे कामाला लावायचं, ही कल्पना. 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा सुरू झाली. तिथंही सुतारकाम, लोहारकाम असंच काहीतरी हाताला शिकवायचं. पोराला काय शिकवायचं, हे ठरलं होतं. पोराला सांभाळणाऱ्याला काय शिकवायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता.

तो प्रश्न पहिल्यांदा जोरात पुढे आला तो अमेरिकेत, शिकागोमध्ये. 1899 साली तिथं मुलांसाठी स्वतंत्र कोर्ट सुरू झालं, अमेरिकेतलं पहिलं. विचार असा की मूल म्हणजे छोटा गुन्हेगार नव्हे, त्याला शिक्षेपेक्षा देखरेखीची गरज आहे. देखरेख करणार कोण? प्रोबेशन ऑफिसर. म्हणजे पोराच्या घरी जाणारा, शाळेत चौकशी करणारा, आईबापाशी बोलणारा माणूस.

आता गंमत बघा. कायद्यात हा माणूस होता, पण त्याचा पगार नव्हता. सरकारी तिजोरीतून एक पैसा मिळणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं! मग तिथल्या बायकांनी वर्गणी काढली. हल हाऊस नावाची एक संस्था होती, जेन अ‍ॅडम्स यांची, गरीब वस्तीत राहून काम करणारी. तिथल्या अल्झिना स्टीव्हन्स पहिल्या प्रोबेशन ऑफिसर झाल्या. ज्युलिया लॅथ्रोप आणि त्यांच्या मैत्रिणींनी समिती केली आणि या लोकांचे पगार गोळा केले. सरकारी पगार सुरू झाला 1905 मध्ये.

या बायकांच्या एक गोष्ट लवकर लक्षात आली. नुसतं मन चांगलं असून भागत नाही. दारुड्या बापाशी काय बोलायचं? पोरगं खोटं बोलतंय की घाबरलंय, हे कसं ओळखायचं? कोर्टाला अहवाल कसा लिहायचा? हे शिकावं लागतं. म्हणून शिकागोत समाजकार्य शिकवणारी शाळा उभी राहिली, त्यातही लॅथ्रोप होत्याच. 1920 मध्ये ती शाळा शिकागो विद्यापीठात सामील झाली.

आणि इथून धागा परत मुंबईला येतो.

आपल्याकडे मद्रासनं 1920 मध्ये, बंगालनं 1922 मध्ये आणि मुंबई इलाख्यानं 1924 मध्ये मुलांसाठी कायदा केला. 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आपल्या आजोबांच्या तोंडी जे 'डोंगरीचं रिमांड होम' असायचं ना, ते याच सोसायटीचं. म्हणजे कायदा आला, इमारत आली. माणसं? तीच अडचण, जी शिकागोत होती.

त्याच दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा एक अमेरिकन माणूस मुंबईत आला. शिकागोत शिकलेला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी आलेला. गिरणी कामगारांच्या, गरिबांच्या वस्तीत, नागपाड्याला त्यानं नेबरहूड हाऊस उभं केलं. हल हाऊससारखंच, वस्तीच्या मधोमध. तिथं काम करताना त्याला दिसलं की मदत करणारे हात आहेत, पण शिकलेले हात नाहीत. टाटा ट्रस्टच्या पैशातून 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज आपण त्याला टिस म्हणतो. देशातलं समाजकार्याचं हे पहिलं व्यावसायिक शिक्षण. पुढे तिथं गुन्हेशास्त्र आणि सुधार प्रशासन असा स्वतंत्र विभागही झाला.

इथं कुणी म्हणेल, एवढं कशाला हवं? मनापासून काम करणारा माणूस असला की झालं. तर मंडळी, त्याचं उत्तर एका खटल्यात आहे.

1964, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना राज्य. 15 वर्षांच्या एका पोरावर आरोप झाला की त्यानं शेजारच्या बाईला फोन करून अश्लील बोललं. पोलिसांनी उचललं, आईबापाला कळवलंच नाही. वकील नाही. तक्रार करणारी बाई कोर्टात आली नाही. सुनावणीची नोंद ठेवली नाही. न्यायाधीशांनी त्याला 21 वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत पाठवलं, म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षं. मोठ्या माणसानं हेच केलं असतं तर? 5 ते 50 डॉलर दंड, किंवा फार तर दोन महिने कैद.

यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी, की हे सगळं 'पोराच्या भल्यासाठी' या नावाखाली झालं. मुलांचं कोर्ट म्हणजे प्रेमळ कोर्ट, तिथं वकील-बिकील कशाला, अशी समजूत होती. 1967 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं या खटल्यात, इन री गॉल्टमध्ये, स्पष्ट सांगितलं की मुलांनाही वकील हवा, आरोपाची आधी सूचना हवी, गप्प राहण्याचा हक्क हवा. थोडक्यात, माया हवी आणि नियमही हवेत.

पुढे 1974 मध्ये तिथं केंद्रानं कायदा केला आणि एक खास कार्यालय काढलं. त्याचं काम पोरांना पकडणं नव्हतं. राज्यांना पैसा देणं, संशोधन करणं आणि या क्षेत्रातल्या लोकांना प्रशिक्षण देणं, हे काम. पैशाला अट होती. शाळा बुडवली, घरातून पळाला, एवढ्याच कारणासाठी पोराला कोंडायचं नाही. आणि मोठ्या कैद्यांपासून मुलांना वेगळं ठेवायचं. शिकवणं आणि साथ देणं ही सरकारची जबाबदारी आहे, वर्गणी काढणाऱ्या बायकांची नाही, हे कबूल व्हायला 75 वर्षं लागली.

आपल्याकडे हे काम पुढे नेलं ते मुंबईच्या एका पत्रकारानं. शीला बर्से. तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर ठेवलेल्या मुलांसाठी त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. 1986 च्या निकालात कोर्टानं सांगितलं की सगळ्या देशाला एकच कायदा हवा, आणि मुलांचे खटले चालवायला खास प्रशिक्षण घेतलेले मॅजिस्ट्रेट हवेत. त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा आला. मग 2000 चा आणि आता लागू आहे तो 2015 चा.

या 2015 च्या कायद्यात माझ्या मित्राचं उत्तर लिहिलेलं आहे. कलम 107: प्रत्येक पोलीस स्टेशनात किमान एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा, सहायक उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा, ज्याला या कामाची आवड आहे आणि ज्याचं योग्य प्रशिक्षण झालंय. बाल न्याय मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यातली किमान एक बाई. आणि नेमणूक झाल्यापासून 60 दिवसांच्या आत त्या सगळ्यांचं प्रशिक्षण व्हायला हवं, मॅजिस्ट्रेटचंसुद्धा.

कागदावर सगळं आहे. पण शिकागोचा धडा विसरू नका. तिथंही कागदावर प्रोबेशन ऑफिसर होता, पगार नव्हता. कायदा एका दिवसात पास होतो. माणूस तयार व्हायला वेळ लागतो, पैसा लागतो. शिवाय शिकलेल्या माणसाची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मला वाटतं, एखाद्या पोराचं प्रकरण बातमीत येतं तेव्हा 'कायदा कडक करा' असं ओरडण्याआधी आपण एक साधा प्रश्न विचारावा. त्या स्टेशनातल्या, त्या मंडळातल्या माणसांचं ट्रेनिंग झालं होतं का?

तुमच्या गल्लीतल्या कुणाला कधी असं नेलं, तर हे लक्षात ठेवा: बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे, असं विचारा. 24 तासांच्या आत मुलाला मंडळापुढे न्यावंच लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आणि 1098 हा मुलांसाठीचा फोन नंबर सेव्ह करून ठेवा. तोही 1996 मध्ये टिसच्याच एका प्रयोगातून मुंबईत सुरू झालाय.

मित्राला हे सगळं ऐकवलं. सायकल त्यानं चोरली नव्हती, हे तेव्हाच दोन दिवसांत कळलं होतं. तो आज स्वतःचं गॅरेज चालवतो. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "त्या मॅडम तासभर आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं."

मंडळी, हा सगळा इतिहास त्या एका तासाचा आहे. भेटू पुढच्या एपिसोडला.