स्वराची जागा

टॅप, टेप आणि टिप. पिटमनच्या लघुलिपीत तिन्ही शब्दांची आकृती एकच: ‘ट’ची उभी रेघ आणि तिला जोडलेली ‘प’ची तिरपी. टॅप लिहिताना ‘ट’ची रेघ ओळीच्या वर ठेवायची, टेपला ओळीवर टेकवायची, टिपला ओळ छेदून खाली न्यायची. स्वर लिहिलेलाच नाही, तरी वाचता येतो.

ही युक्ती सुचण्याआधी घाईत स्वराचा बळी जाई. सॅम्युअल टेलरच्या 1786च्या पद्धतीत शब्दाच्या मधले स्वर गाळत आणि सुरुवातीच्या किंवा शेवटच्या स्वरासाठी, तो कुठलाही असो, एक टिंब देत. आयझॅक पिटमन हीच लिपी शिकलेला. 1837मध्ये, चोविसाव्या वर्षी, या इंग्रज शाळामास्तराने चार पेन्स किमतीच्या पुस्तिकेत आपली उच्चारानुसारी लिपी मांडली. तिची व्यंजने आपल्याला ओळखीची वाटतात: अघोष ‘प’ची रेघ बारीक, घोष ‘ब’ची तीच रेघ जाड. आपली वर्णमाला कंठातून ओठांकडे येते, त्याची ओठांपासून कंठाकडे जाते, इतकेच.

स्वरांना मात्र त्याने रेघ दिली नाही. टिंब किंवा बारकी आडरेघ दिली. ती व्यंजनाच्या रेघेच्या आरंभी, मध्यावर किंवा शेवटी येते. तीन जागा, दोन खुणा, जाड-बारीक असे दोन प्रकार. झाले बारा स्वर. उभ्या रेघेच्या डावीकडची खूण आधी वाचायची, उजवीकडची नंतर. ऱ्हस्व वेलांटी आधी काढून नंतर उच्चारणाऱ्या आपल्या हाताला हा हिशेब उलट सरळच वाटावा. ‘पा मे वी ऑल गो टू’ हे वाक्य घोकले, की सहा दीर्घ स्वर जागेवर बसतात.

वेग वाढला की टिंबे गळतात. मग ओळीपासूनची उंचीच पहिल्या स्वराची जागा सांगते.

पण 1857मध्ये पिटमनने टिंबांचा क्रमच फिरवला. तोवर पहिल्या जागी ‘ई’ होता आणि तिसऱ्या जागी ‘आ’. आता उलटे झाले. त्याचा भाऊ बेन आधीच अमेरिकेत सिनसिनाटीला ही लिपी शिकवत होता. त्याने जुनाच क्रम धरून ठेवला.

इंग्लंडात ओळीच्या वर लिहिलेला टॅप सिनसिनाटीत टिप झाला. रेघ तीच होती.