रक्त आमचे, संमती कोणाची? : एचआयव्ही चाचणीचा इतिहास आणि आपला हक्क

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली. तोपर्यंत हा रोग पाश्चात्यांचा आहे, आपल्या ‘संस्कृतीत’ असले काही नसते, अशी राज्यकर्त्यांची आणि सुशिक्षितांची ठाम समजूत होती. मद्रास मेडिकल कॉलेजमधली एस. निर्मला ही सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठीच) या दोघींनी ही समजूत मोडून काढली. निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि तपासणीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. एलायझा चाचणीत सहा नमुन्यांत विषाणूविरोधी प्रतिपिंडे सापडली. अमेरिकेतल्या तपासणीने त्याची खात्री पटली आणि सरकारला सभागृहात उभे राहून कबुली द्यावी लागली.

हे काम धाडसाचे होते आणि त्याचे मोल कमी करण्याची आमची इच्छा नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ते रक्त कोणाचे होते? ते होते पकडून सुधारगृहात कोंडलेल्या, वेश्याव्यवसायातल्या बायांचे. रक्त कशासाठी घेतले जात आहे हे त्यांना सांगितले गेले नाही. गुप्तरोगांची तपासणी चालली आहे असे त्या समजत होत्या. सांगूनही त्यांना कळले नसते, असे स्पष्टीकरण पुढे दिले गेले. आपल्या लोकांनी हे वाक्य किती ठिकाणी ऐकले आहे! शाळेत, कोर्टात, तहसील कार्यालयात, बाळंतपणाच्या खाटेवर. देशाच्या वैद्यकीय इतिहासात डॉक्टरांची नावे आली आणि त्या सहा जणी आकडा म्हणून राहिल्या. त्यांची नावे छापली नाहीत हे योग्यच झाले; पण नाव गुप्त ठेवणे वेगळे आणि माणूस म्हणून मोजणेच नाकारणे वेगळे.

ही रीत १९८६ साली जन्मलेली नाही. इंग्रज सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून वेश्याव्यवसायातल्या बायांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी सुरू झाली. रोग निघाला तर ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या इस्पितळात कोंडायचे. शिपायांवर मात्र अशी कायद्याची सक्ती नव्हती. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण रोग बाईत शोधायचा आणि पुरुषाला वाचवायचे, ही त्याची दृष्टी टिकून राहिली. साथ आली की वरच्याने हुकूम सोडायचा आणि खालच्याने अंग उघडे करायचे, एवढाच आरोग्यसेवेचा अर्थ पिढ्यानपिढ्या आपल्या वाट्याला आला. याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९७ च्या प्लेगात लोक घरातला रुग्ण लपवत होते, तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या हाताने यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. रोग्याला धरून नेणे आणि रोग्याला उचलून नेणे यांत जो फरक आहे, तोच या सगळ्या लेखाचा विषय आहे.

आता गोव्याकडे येऊ. चाचणीचा कायदेशीर लढा देशात खऱ्या अर्थाने तिथे उभा राहिला. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही चाचणी झाली हे त्याला माहीत नव्हते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला पोलिसांनी बोलावून घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात डांबले. गुन्हा कोणता, तर रक्ताचा अहवाल. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या दुरुस्तीने एचआयव्हीबाधित माणसाला वेगळे कोंडण्याचा अधिकार सरकारला दिला होता. डॉमिनिक ६४ दिवस तिथे होता. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. अ‍ॅड. आनंद ग्रोव्हर यांनी ही बाजू लढवली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने तो कायदा मात्र वैध ठरवला. १९९२ मध्ये डॉमिनिकचा मृत्यू झाला. त्याच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट २००५ साली आला.

डॉमिनिक शिकलेला होता, नोकरीत होता, त्याची आई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकली. तरीही त्याच्या वाट्याला हे आले. ज्याच्या मागे वकील नाही, जो रोजंदारीवर आहे, जी कुंटणखान्यात आहे, तिचे काय होत असेल याचा अंदाज मग वेगळा सांगावा लागत नाही. १९९० मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतून शेकडो तमिळ स्त्रियांना ‘मुक्त’ करून रेल्वेने तमिळनाडूला पाठवण्यात आले. १९९६ च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यावर मोठे छापे पडले आणि पकडलेल्या मुलींमध्ये नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. दोन्ही वेळा त्यांच्या रक्ताच्या चाचण्या झाल्या, दोन्ही वेळा त्यांची मर्जी कुणी विचारली नाही. सुटका आणि सक्तीची तपासणी एकाच गाडीतून आली.

दिल्लीत तर १९८९ साली राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयकच मांडले गेले. त्यात संशयितांची सक्तीने तपासणी करणे आणि बाधितांना वेगळे ठेवणे यांची तरतूद होती. एड्स भेदभाव विरोधी आंदोलनासारखे गट, वकील, स्त्री संघटना यांनी विरोध केला आणि ते विधेयक मागे घ्यावे लागले. हा विजय आपल्या चळवळीच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो. तो आढळायला हवा, कारण राज्यसंस्थेने माणसाच्या शरीरावर मालकी सांगू नये यासाठीचा तो लढा होता, आणि पाण्यापासून मंदिरापर्यंत आपले सगळे लढे शेवटी याच प्रश्नाला भिडतात.

कामगाराच्या हक्काचा निकाल १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आला. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजूर म्हणून वर्षानुवर्षे राबलेला माणूस कायम होण्याच्या उंबरठ्यावर होता. वैद्यकीय तपासणीत त्याचे रक्त एचआयव्हीबाधित निघाले आणि त्याचे काम बंद झाले. अंगमेहनतीला तो पूर्ण सक्षम होता. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवून खटला चालवू दिला. म्हणून तो निकाल ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखला जातो. काम करण्याची क्षमता असताना केवळ एचआयव्ही आहे म्हणून रोजगार नाकारणे घटनेच्या कलम १४ आणि २१ च्या विरोधात आहे, असे न्यायालयाने ठरवले. बाबासाहेबांच्या घटनेतली ही दोन कलमे एका हंगामी मजुराच्या कामी आली. पुढच्याच वर्षी मात्र सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एचआयव्हीबाधिताच्या लग्नाच्या हक्कावर गदा आणणारी विधाने केली. ती २००२ मध्ये मागे घेतली गेली. इतिहास असा दोन पावले पुढे, एक मागे चालला.

या सगळ्या लढ्यांमधून २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा उभा राहिला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची एचआयव्ही चाचणी करता येत नाही, आणि या संमतीत चाचणीआधीचे व नंतरचे समुपदेशन धरलेले आहे. अपवाद मोजके आहेत : न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी, नाव न जोडता केलेले सर्वेक्षण असे. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी चाचणीची अट घालणे हा भेदभाव ठरतो. अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्येक राज्यात लोकपाल नेमायचा आहे, तिथे तक्रार करता येते. कायद्यात खोट आहेच. औषधोपचाराच्या कलमात ‘शक्य तेथवर’ असे शब्द घुसडले आहेत आणि बाधितांच्या संघटनांनी त्याला तेव्हाच हरकत घेतली होती. तरीही १९८६ च्या सुधारगृहापासून इथपर्यंतचे अंतर मोठे आहे, आणि ते कुणी दयेने दिलेले नाही.

मग आपल्या वस्तीत लोक चाचणीला का जात नाहीत? ‘अज्ञान’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ज्यांच्या रक्तावर न विचारता हात टाकला गेला, ज्यांचा अहवाल गावभर झाला, त्यांनी सुईला घाबरणे हा अनुभवाचा शहाणपणा आहे. पण कायदा बदलला, औषधे आली, तरी ती भीती तशीच जपणे आता आपल्यालाच महाग पडते आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी उपचार सुरू केले. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून तर अहवाल आला की प्रतिकारशक्तीचा आकडा न पाहता लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. उशिरा कळणे हाच आता सर्वांत मोठा धोका आहे.

चाचणी नेमकी काय असते तेही सांगू, कारण चळवळीच्या लेखांत घोषणा असतात आणि पत्ता नसतो. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय इथे आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत पहिली तपासणी होते. पैसे लागत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी पालकांची संमती लागते. आधी समुपदेशक बोलतो, मग थोडेसे रक्त घेऊन रॅपिड किट लावतात आणि बहुधा त्याच दिवशी अहवाल मिळतो. पहिल्या किटवर काही दिसले म्हणजे लागण झाली असे नव्हे. आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही जुळले तरच ‘बाधित’ असा अहवाल देतात. म्हणून एखाद्या खासगी लॅबच्या एका कागदावर किंवा घरी केलेल्या एका चाचणीवर कुणी जीव टांगू नये, आणि कुणाला वाळीतही टाकू नये.

दुसरी गोष्ट मुदतीची. साधी चाचणी विषाणू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. मोठ्या प्रयोगशाळेतली, विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही पाहणारी चाचणी त्याहून लवकर सांगते; थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी त्याहूनही लवकर, पण ती महाग असते. गेल्या आठवड्यात धोका घडला आणि आजचा अहवाल निगेटिव्ह आला, तर तीन महिन्यांनी पुन्हा जायचे. बाधित आईच्या बाळात आईची प्रतिपिंडे दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे बाळासाठी सहाव्या आठवड्यापासून वेगळी चाचणी असते.

इथे एक अन्याय आम्ही वारंवार पाहतो. गरोदर बाईची चाचणी दवाखान्यात आपोआप होते, नवऱ्याची होत नाही. अहवाल आधी तिचा येतो, म्हणून ‘रोग तिने आणला’ असे घर ठरवते. कोणतीही चाचणी लागण कुणाकडून झाली ते सांगत नाही, फक्त आज आहे की नाही एवढेच सांगते. १८६८ चा तो कायदा आपल्या घरात, आपल्या भीमनगरात जिवंत राहतो तो असा. कार्यकर्ता म्हणवणाऱ्या पुरुषाने बायकोबरोबर जाऊन आधी आपले रक्त द्यावे, एवढी अपेक्षा फार नाही.

आणि लैंगिक विषय जाहीर बोलणे आपल्या चळवळीला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांना १९३४ सालची आठवण करून द्यावी लागेल. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक ज्ञान ही लाजेची नव्हे तर आरोग्याची गोष्ट आहे, ही बाजू भर कोर्टात मांडणारा माणूस आपला आहे.

सक्तीची हौस अजून गेलेली नाही. लग्नाआधी चाचणी सक्तीची करण्याची भाषा गोव्यात २००६ मध्ये झाली, मेघालयात २०२५ मध्ये झाली. तिला उत्तर द्यायचे तर नुसता विरोध पुरणार नाही. आपण आपल्या मर्जीने रांगेत उभे आहोत हे दिसावे लागेल. १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरांत साखर, रक्तदाब, डोळे सगळे तपासले जाते. तिथे आयसीटीसीचे पथक बोलवा, पण आडोशाची स्वतंत्र जागा आणि समुपदेशक मिळत असेल तरच. मंडपात नाव पुकारून अहवाल वाटायचे असतील तर न केलेले बरे. १०९७ ही मोफत हेल्पलाइन फलकावर लिहा.

सफाई कामगारांच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका. इस्पितळाच्या कचऱ्यातली सुई हाताला टोचणे हा त्यांच्या कामाचा रोजचा धोका आहे आणि हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले ते आपण जाणतो. सुई टोचल्यावर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, दाबून पिळायची नाही, आणि ७२ तासांच्या आत, खरे तर पहिल्या काही तासांतच, प्रतिबंधक औषध सुरू करायचे. ते २८ दिवस घ्यावे लागते. तेव्हाच पहिली चाचणीही करायची, म्हणजे लागण कामावर झाली की आधीची होती यावर कंत्राटदाराला वाद घालता येत नाही. २०१७ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम अशा ठिकाणच्या मालकावर सुरक्षिततेची साधने, प्रशिक्षण आणि हे औषध देण्याची जबाबदारी टाकते. ‘कंत्राटी आहेत’ ही सबब त्यात नाही. आपल्या शहरातल्या किती कंत्राटदारांनी हातमोजे दिले आणि ते औषध रात्री दोन वाजता कुठे मिळते, ही यादी प्रत्येक शाखेने या महिन्यातच करून कामगारांच्या हजेरीच्या जागी लावावी.