७५ सेंट आणि कोकिळेचे अंडे

मंडळाच्या हिशेबात दरवर्षी थोडी चिल्लर जुळत नाही. खजिनदार ती खिशातून घालतात आणि आम्ही चहाकडे वळतो. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काँप्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. अनुदान संपल्याने काँप्युटर विभागात नुकतेच आलेले. नवखे म्हणून हे किरकोळ काम त्यांच्या गळ्यात पडले.

निघाले ते भलतेच. कोणी परका फोनच्या तारेवरून आत शिरला होता. ईमॅक्स या प्रोग्रॅममधील त्रुटीचा फायदा घेऊन त्याने आपली फाइल सिस्टिमच्या राखीव जागेत ठेवली आणि सिस्टिमने ती आपलीच समजून चालवली. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने अंडे घालावे, तसे! स्टोल यांच्या १९८९ च्या पुस्तकाचे नावही यावरूनच आहे.

त्यांनी चोराला लगेच हाकलले नाही. सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर उचलून आणून तारांना जोडले आणि तो काय टाइप करतो ते कागदावर उतरवले. बर्कलीहून तो लष्कराच्या काँप्युटरांत शिरत होता. कित्येक ठिकाणी कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता! नुकसान अवघे ७५ सेंट, म्हणून एफबीआयने सुरुवातीला फारसे लक्ष दिले नाही. शेवटी क्षेपणास्त्र संरक्षणाच्या बनावट फायलींचे आमिष ठेवले. तो वाचत बसला, तेवढ्यात फोनचा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत लागला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती केजीबीला विकत होते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने हजारो काँप्युटर ठप्प केले. त्यानंतर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे मदतकेंद्र निघाले. बालाजीच्या दर्शनाला पिट्सबर्गला आपण जातो, पण हे ठाऊक नसते.

पुढे कुलुपे वाढली, चोरही शिकले. २०१५ साली केंद्र सरकारच्या कर्मचारी खात्यातून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेल्याचे उघड झाले. त्यात ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो, ठसे कसे बदलणार?

गेली त्यात सुरक्षा-चौकशीच्या फॉर्मांतली माहितीही होती. त्या फॉर्मात सासू-सासऱ्यांचीही जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता लागतो. त्यासाठी आपल्याकडून पुण्या-साताऱ्याला फोन जातात. "तारीख नाही बाई आठवत, तिथी सांगू का?" असे उत्तर येते. मग शाळेच्या दाखल्यावरची तारीख शोधून काढून, नीट तपासून, आपण फॉर्मात लिहितो.