दूरध्वनीच्या तारेपासून घरच्या राउटरपर्यंत

मुंबईत 1882 साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्यानंतर कित्येक दशके ग्राहकापुढे यंत्राच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. खात्याने दिलेले काळे यंत्र तो मुकाट्याने घेई. या पराधीनतेत एक सोय मात्र होती. केंद्रातील बॅटरीचा प्रवाह तांब्याच्या तारेतून घरापर्यंत येई; त्यामुळे घरातले दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. मोडेम त्याच तारेला जोडला जाई आणि तो चालू असेतो दूरध्वनी अडून राही. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान 256 किलोबिट वेग ठरविला. तारेवर संभाषण आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. घरात संगणक वाढले, तेव्हा एकच जोडणी सर्वांत वाटून देणारा राउटरही आला.

इंटरनेटवरून बोलण्यास 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली, पण देशातील साध्या दूरध्वनीशी ते जोडण्याची मुभा 2018 सालीच मिळाली. येथे निवडीचा खरा प्रश्न उद्भवतो. साध्या संकेतपद्धतीत आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट पुरतात. वर थोडा वेष्टनाचा भार पडतो. मग बोलणे तुटते का? घरातून कोणी मोठी चित्रे पाठवू लागला, की बाहेर जाणाऱ्या वाटेवर रांग लागते आणि आवाजाचे तुकडे त्या रांगेत अडकतात. उशिरा पोचलेला शब्द निरुपयोगी ठरतो. म्हणून नुसत्या वेगाच्या आकड्यावर भुलण्यापेक्षा आवाजाला अग्रक्रम देणारा राउटर शोधणे शहाणपणाचे. जुने यंत्र वापरायचे असेल, तर ते लावण्याची खाच त्या पेटीला आहे की नाही, हेही पाहावे.

आता अनेक घरांत तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. त्यातून प्रकाश येतो, यंत्र चालविण्याइतकी वीज येत नाही. दिवे गेले की पेटी बंद पडते आणि तिच्याबरोबर दूरध्वनीही. मध्यरात्री वैद्याला बोलवावयाचे असेल, तर ही उणीव जिवावर बेतू शकते. पूर्वी केंद्रातील बॅटरी जे काम न सांगता करीत असे, त्याची तजवीज आता गृहस्थाने स्वतः करावयाची आहे. राउटर आणि तंतूची पेटी या दोहोंना पुरेल अशी छोटी बॅटरी त्याच खरेदीत धरावी.