तळटीप : 'दास ऑफशोअर'चे खाडे
१. अशोक खाडे : सांगली जिल्ह्यातल्या पेड गावच्या चर्मकार कुटुंबातले. वडील मुंबईत झाडाखाली बसून चपला शिवत. आई गावात दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाई.

माझगाव डॉकमध्ये ते उमेदवार कामगार म्हणून लागले आणि ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत पोहोचले. पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीला गेले असता तिथल्या एका सहकाऱ्याची पगारपावती नजरेस पडली. आकडा आपल्या पगाराच्या कितीतरी पट! धंद्याचा विचार तिथे पक्का झाला. पुढे दत्ता आणि सुरेश या भावांसह समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मची कामे करणारी कंपनी उभी राहिली. (यशकथांत डॉकमधल्या सरकारी नोकरीला दोन ओळी मिळतात, खरे भांडवल तेच होते.)

आई जिथे राबली, ती शेते खाड्यांनी पुढे विकत घेतली. पूर्वजांना मज्जाव असलेल्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारालाही त्यांनीच पैसा दिला.